टांगलेला तांब्या

पैनगंगेच्या पात्रात मी एका लहान शिडाच्या नावेवर साडेनऊ आठवडे राहिलो. त्या काळात मनाचे समाधान होईल असे स्नान मला किती वेळा घडले, हे मोजण्यास एका हाताची बोटेही अधिक होतील. अंगाखाली पाणी, चहूबाजूंस पाणी, आषाढ-श्रावणाचे दिवस असल्यामुळे डोक्यावरही पाणी. आणि या सर्वांच्या मध्यभागी पाठशाळेतून नुकताच बाहेर पडलेला एक ब्राह्मण तरुण, मानेवर मळाच्या वळ्या, पायाच्या बेचक्यांत चिखल्या, धोतरावर बुरशीचे काळे ठिपके. हे मी सांगतो तेव्हा घरातील मुले हसतात. मला अद्याप हसू येत नाही.

गोष्ट निजामी राजवटीच्या शेवटच्या दशकातली आहे. आमचे गाव कळमनुरीपासून पायी अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. उत्तरेस पैनगंगा. तिचा अलीकडचा काठ निजामाचा, पलीकडचा वऱ्हाडचा, म्हणजे इंग्रजांचा. दोन्ही काठ पुलाने जोडावेत असे वरच्या कोणाच्या तरी मनात आले होते, आणि पूल बांधण्यापूर्वी पावसाळ्यात पाणी किती चढते व किती वेगाने धावते, याची मोजणी व्हावयाची होती. मोजणीच्या साहेबांना लिहिणारा माणूस हवा होता. मला मोडी येत होती, उर्दू अंक येत होते, आणि पंचांगाच्या सवयीमुळे घटका-पळांचा हिशेब चुकत नसे. आदल्या श्रावणातच वडील गेले होते. काम तीन महिन्यांचे होते. आईने हो म्हटले, मीही म्हटले. ते काम नावेवर वस्ती करून करावयाचे आहे, हे मला काठावर पोहोचल्यानंतर कळले.

नाव सतरा-अठरा हात लांब. मधोमध डोलकाठी, तिला एक आडवी काठी, तिच्यावर जाड मांजरपाटाचे शीड. मागच्या अंगाला वेळूच्या कामट्या वाकवून केलेले बुटके छप्पर. मोजणीच्या दोन जागा होत्या आणि त्यांच्यात अर्ध्या कोसाचे अंतर. वारा अनुकूल असला की शीड उभारून जावयाचे, नसला की वेळूने रेटत. दिवसातून तीन वेळा गाठी मारलेली दोरी सोडून खोली पाहावयाची, लाकडाचा ठोकळा प्रवाहात टाकून त्याचा वेग घड्याळावर टिपावयाचा. साहेब उंचवट्यावरच्या तंबूत राहत. नावेवर आम्ही तिघे: म्हातारा नावाडी, त्याची बायको आणि मी. नावाडी जातीचा भोई. त्यांची चूल मागच्या टोकाला, माझी मातीची शेगडी पुढच्या टोकाला, आणि मध्ये डोलकाठी. आमच्या सोवळ्या-ओवळ्याची सीमा तीच.

माझी अडचण समजण्यासाठी वडिलांचे एक वाक्य सांगितले पाहिजे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना पौषातल्या एका सकाळी थंडीला भिऊन स्नान टाळले, आणि वडील आजोबांच्या तर्पणाला बसले तेव्हा त्यांच्या हाती पाण्याचा तांब्या दिला. माझे केस कोरडे पाहून त्यांनी ते सारे पाणी अंगणात ओतले. मग शांतपणे म्हणाले, "न न्हालेल्या हाताने दिलेले पाणी पितरांच्या तोंडात चिखल होते." ते रागावणारे गृहस्थ नव्हते. म्हणूनच ते वाक्य माझ्यात रुतून बसले. आता त्यांचेच पहिले वर्षश्राद्ध येत होते. तिथी श्रावण वद्य दशमी. मी एकुलता मुलगा. साहेबांनी आरंभीच कबूल केले होते, "हौ पंडितजी, एक दिन जाके आओ, उसमें क्या है." म्हणून मी निश्चिंत होतो. तोपर्यंत स्वतःला शुद्ध राखावे, एवढेच माझे काम होते. आणि तेच जमेना.

पहिली अडचण चिखलाची. आमच्याकडची माती काळी, चिकट. पावसात ती पायाला धरते आणि सोडीत नाही. प्रातर्विधी पाण्यात करणे निषिद्ध, म्हणून पहाटे नाव काठाला लावून मी उतरत असे. उतरताना गुडघ्यापर्यंत चिखल. परत येताना काठाशी वाकून पाय धुवावेत, तर धुतलेला पाय टेकवायला पुन्हा चिखलच. एक पाय नावेत घ्यावा, दुसरा धुवावा, तोवर पहिल्याचे ओघळ फळ्यांवरून माझ्या शेगडीपर्यंत गेलेले असत. नावाडी वेळू टेकून उभ्या उभ्या पाहत असे.

"महाराज, तुमी पाय धुऊन राहिले का नदी धुऊन राहिले?"

दुसरी अडचण पाण्याची, आणि ती शास्त्रातली. सूर्य कर्केत गेल्यापासून सिंहेतून बाहेर पडेपर्यंत नद्या रजस्वला असतात, त्यांत स्नान करू नये, असे आम्ही शिकलो होतो. महानद्यांना हा दोष नाही. पण पैनगंगेला त्या पंक्तीत बसवण्याइतका आधार मला आठवेना. अपवाद आणखी एक होता: नदीच्या तीरावर ज्यांची वस्ती आहे, त्यांना दोष लागत नाही. येथेच मी अडकलो. मी तीरवासी होतो काय? माझे गाव तीरावर नाही. मी राहत होतो तो पाण्यावर, आणि पाणी म्हणजे तीर नव्हे. मी बोटभर जरी काठावर राहत असतो तरी मोकळा झालो असतो. नदीच्या इतका जवळ होतो की तिच्यात न्हाण्याचा अधिकार उरला नव्हता.

ही शंका मी पंधरा दिवस मनात घोळवली. त्या पंधरा दिवसांत काठावरच्या गावातल्या विहिरीची एक कळशी रोज येई. त्यातच स्वयंपाक, त्यातच पिणे, आणि उरले तर पंचा ओला करून अंग पुसणे. एकदा नावाडिणीने विचारलेच.

"महाराज, तुमी न्हाऊन काहून नाही राहिले? अंगाला वास येऊन राहिला. रागावू नका, पन वारा इकडूनच येतो."

मी गंभीरपणे तिला नदीचा दोष समजावून सांगितला. ती भाकरी थापत होती. हात थांबला.

"म्हंजी नदी भाईर बसली म्हना की!"

"तसे शास्त्र आहे."

"अन् तुमी तिच्याच मांडीवर बसून राहिले!" ती इतकी हसली की भाकरी तव्याबाहेर पडली. "आगं माय! अन् पानी कोनतं पिता?"

"विहिरीचे."

"त्या हिरीत झिर कोनाची हाय? हिचीच ना?"

नावाडी मागून म्हणाला, "अगं, महाराजाला तकलीफ देऊ नको."

"तकलीफ काय? इचारून राहिले. बाई चौथ्या दिशी न्हाती. हिला कोन न्हाऊ घालतं?"

"पाऊस घालून राहिला की," नावाडी म्हणाला. "दोन महिने झाले, दिसत न्हाई का?"

मला राग आला. त्या रागात मी नावाड्याला विचारले, "तुम्ही काठावर राहता की पाण्यावर?"

"चार महिने पान्यावर, आठ महिने काठावर. काहून?"

"मग तुम्ही तीरवासी. तुम्हांला स्नान चालते."

"आमाला कोन अडवून राहिलं होतं, महाराज?"

मग मी स्नानाच्या इतर वाटा शोधू लागलो. पाण्याचे स्नान हे सातांपैकी एकच आहे. उरलेली सहा वडिलांनी माझ्याकडून बोटांवर पाठ करून घेतली होती. मातीचे स्नान पाहिले. काळी माती अंगाला लावली. ती वाळून तडकली आणि खाज सुटली. भस्माचे पाहिले. ओलसर गोवऱ्यांची राख भिजून लगदा झालेली, अंगावर खरुजेसारखी बसली. गाईंच्या खुरांच्या धुळीचे स्नान आहे. पण श्रावणात धूळ कोठून आणावी? गाई पाण्यावर येत, आणि त्यांच्या खुरांनी उडे तो चिखल. मंत्रस्नान मी रोज करीत होतो, मानसस्नानही. पण मानसस्नानाला मन स्थिर लागते, आणि डास चावत असताना माझे मन डासांपलीकडे जात नसे. राहिले दिव्य स्नान: ऊन असताना पाऊस पडावा आणि त्यात उभे राहावे. याची मी खरोखर वाट पाहिली. एके दिवशी दुपारी ते घडले. त्या वेळी मी छपराखाली ठोकळ्याचा वेग मोजत होतो, डोळे घड्याळावर. नावाड्याने हाक मारली, "महाराज, कोल्ह्याचं लगीन लागून राहिलं, या भाईर लवकर!" मोजणी अर्धी टाकता येत नव्हती. आकडा लिहून बाहेर आलो तेव्हा ऊन गेले होते आणि साधा पाऊस पडत होता. त्यात उभा राहिलो. कपडे तेवढे भिजले, आणि ते पुढे चार दिवस वाळले नाहीत.

साहेब आठवड्यातून एकदा वही तपासायला येत. त्यांचा सदरा पांढरा शुभ्र असे. तंबूत त्यांना गरम पाणी मिळे. एकदा नाकाला रुमाल लावून म्हणाले, "क्या पंडितजी, पानी में रहके सूखे के सूखे!" मी मान खाली घालून आकडे वाचत राहिलो.

याउलट नावाडीण. तिला मी साडेनऊ आठवड्यांत मळकी पाहिली नाही. पहाटे शीड आडवे सोडून त्याच्या आडोशाला ती न्हात असे, तेही दोन तांब्यांत. पहिला तांब्या अंगाला चोळण्यासाठी, दुसरा चोळलेले काढण्यासाठी. तिसरा म्हणजे माज, असे ती म्हणे. लुगडे रिठ्याच्या फेसात बुचकळी, मग त्याचा पदर दोरीच्या टोकाला बांधून नावेमागे प्रवाहात सोडून देई. अर्धा प्रहर नदीच ते पिळून काढी. वर ओढले की स्वच्छ. नावेच्या फळ्या ती खराट्याने आतून बाहेर झाडी, पाणी पुढून टाकून मागे काढी. भांडी राखेने. केस शनिवारी. हे सर्व ती विचार न करता करीत असे, आणि मी एवढा विचार करूनही मळका होतो. माझ्या चिडण्याचे एक कारण हेही होते, असे आज वाटते.

श्राद्धाला आठ दिवस उरले असतील, तेव्हा मुकट्याचे झाले. माझ्याजवळ सोवळ्याचे एकच रेशमी वस्त्र होते, वडिलांचाच मुकटा. त्याला कोणाचा स्पर्श होऊ नये म्हणून मी तो डोलकाठीच्या वरच्या खुंटीला टांगून ठेवीत असे. त्या दिवशी वारा एकाएकी फिरला. नावाड्याने शीड ओढले आणि शिडाच्या दोरीबरोबर मुकटाही सुटून पाण्यात पडला. मी ओरडलो. नावाडिणीने हातातली परात टाकून वेळू उचलला, वाकली, आणि वाहत चाललेले वस्त्र वेळूच्या टोकावर गुंडाळून वर काढले. गढूळ पाण्याने ते विटकरी झाले होते. मी हात पुढे करीपर्यंत तिने ते रिठ्याच्या पाण्यात घातलेही होते.

"काय केलेस हे! विटाळलेस ते!"

ती म्हणाली, "मंग बुडू द्यायचं होतं? मासोळीनं नेसलं असतं सोवळं."

"तुझा हात लागण्यापेक्षा बुडाले असते तर बरे होते."

हे मी म्हणालो. ते वाक्य मी येथे लिहीत आहे, कारण ते लपवले तर पुढचे खोटे होईल. नावाडिणीने मुकटा धुऊन, पिळून, दोरीवर वाळत घातला, आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोलणे बंद केले. वाळल्यावर तो मी दोन बोटांनी उचलून पेटीच्या तळाशी ठेवला. घरी जाईन, दुसरे सोवळे नेसेन, मग याचे काय ते पाहू, असे ठरवले.

पण घरी जाणे झाले नाही. अष्टमीपासून पाऊस थांबेना. नवमीला पाणी काठ सोडून शेतात शिरले. साहेबांचा तंबू मागे हलला. कोठे गेला ते दिसेनासे झाले. नावाड्याने नाव प्रवाहातून काढून बुडालेल्या शेताच्या बांधावरच्या एका करंजाला दोन दोरांनी बांधली. झाडाचा फक्त शेंडा पाण्यावर होता. सभोवार उखडलेली झुडपे, पेंढ्या, एक मेलेली शेळी, सगळे तरंगत, फिरत जात होते. "महाराज, चार दिस उतरनं न्हाई," नावाडी म्हणाला. "बराबर सांगून राहिलो. पोहून जायचं मनात आनू नका."

उद्या दशमी. घरी आई स्वयंपाकाची तयारी करून, भटजींना सांगून, वाटेकडे डोळे लावून बसणार. पिंडदान माझ्या हातून होणार नव्हते. निदान तिळाचे पाणी तरी वडिलांना मिळावे. तीळ आणि दर्भ पेटीत होते. आणि पाणी? विहीर पुराखाली. कळशीत जे उरले होते ते पिण्यापुरतेही नव्हते. नदीचे पाणी तांब्यात घेऊन पाहिले: आत बोट घातले तर बोट दिसेना. वडिलांचे वाक्य माझ्यापुढे अक्षरशः खरे होऊन उभे राहिले होते. स्नान केले तरी चिखल, न केले तरी चिखल.

संध्याकाळी नावाडीण आमच्या सीमेपाशी, डोलकाठीजवळ आली. आठ दिवसांनी प्रथमच माझ्याशी बोलली, तेही माझ्याकडे न पाहता. नवऱ्याने तिला दशमीचे सांगितले असावे. तिने एका फडक्यातून चपट्या, करड्या, बटणासारख्या चार बिया काढून फळीवर ठेवल्या.

"निवळीच्या हायेत. उगाळून पान्यात फिरवा. गाळ खाली बसतो. आमचा हात लागला म्हनून नको असंल तर बी धुऊन घ्या."

मी ती बी उचलली आणि पाहत राहिलो. कोशातला 'कतक' हा शब्द मी बाराव्या वर्षी पाठ केला होता. गढूळ पाणी निवळविणारे फळ, हा त्याचा अर्थही. पाठशाळेतल्या धाकट्या विद्यार्थ्यांना मी तो समजावूनही दिला होता. ती वस्तू हातात मात्र त्या संध्याकाळी प्रथम आली, आणि कतक म्हणजे हीच निवळी, एवढेही मला माहीत नव्हते.

सहाणेवर बी उगाळली, तांब्यात फिरवली, तांब्या फळीवर ठेवून वाट पाहिली. गाळ बसेना. नाव डुलत होती. गाळ थोडा खाली जाई, नाव कलली की पुन्हा वर येई. दुसरी बी उगाळली. तेच. नावाडी हे पाहून उठला.

"डुलत्या नावंत ठिवलेलं पानी निवळतं का, महाराज? टांगा त्याला."

त्याने शिडाच्या आडव्या काठीला एक दोर बांधला, त्याला फास केला. नाव कितीही हलली तरी टांगलेले भांडे आपल्या भाराने सरळ लटकत राहते, ही त्यांची युक्ती. नावाडीण आपली मोठी घागर घेऊन आली. "हिच्यात भरा. न्हायलाबी पुरंल, बापाला द्यायलाबी पुरंल."

पितळेची, लख्ख घासलेली घागर. मी म्हणालो, "नको. माझा तांब्या पुरे."

माझा तांब्या एका दोराला टांगला. दुसऱ्या दोराला तिने आपली घागर आपल्यासाठी टांगली, स्वतः बी उगाळून.

सकाळी तांब्यात पाहिले. तळ स्पष्ट दिसत होता. त्यावर गाळाचा पातळ थर, आणि वर काचेसारखे पाणी. इतके सुंदर पाणी त्या साडेनऊ आठवड्यांत मी पाहिले नव्हते. आणि मग ध्यानात आले की पाणी तांब्याभरच आहे. त्याने स्नान केले तर वडिलांना द्यावयास काही उरत नाही. ते वडिलांना दिले तर देणारे हात न न्हालेले. पुन्हा भरून टांगावे, तर निवळण्यास रात्र गेली होती, आणि तिथी रात्रीपर्यंत थांबणार नव्हती. शेजारी घागर लटकत होती. ती मी आदल्या संध्याकाळी नाकारली होती, माझ्याच तोंडाने.

मनात शास्त्रार्थ चालू नव्हता. खरे सांगावयाचे तर शास्त्र त्या वेळी आड येतच नव्हते. आड येत होते ते आठ दिवसांपूर्वीचे वाक्य. ज्या हाताविषयी मी तसे बोललो होतो, त्याच हाताकडे पाणी मागावयाचे होते.

शेवटी डोलकाठीपाशी गेलो. "बाई," मी म्हणालो, "मला न्हायला पाणी द्याल का?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. "कोनतं पानी? हात लागलेलं?"

"तेच."

"बुडालं असतं तर बरं होतं म्हनले होते तुमी."

"म्हणालो होतो."

नावाडी खाकरला. ती उठली. घागर सोडून आपल्या तांब्यासह माझ्या बाजूला आणून ठेवली आणि म्हणाली, "दोन तांबे. पयला चोळायला, दुसरा काढायला. तिसरा मागू नका, मला बी प्यायला लागतं."

मी शिडाच्या आडोशाला गेलो. पहिला तांब्या डोक्यावर ओतला. त्या पाण्याला रिठ्याचा हलका वास होता, पितळेचा होता, आणि चिखलाचा मुळीच नव्हता. मानेवरचा मळ बोटांखाली निघाला, कानांमागचा निघाला. दुसरा तांब्या ओतताना मला रडू आले, ते वडिलांसाठी की अंग स्वच्छ झाल्यामुळे, हे त्या वेळीही सांगता आले नसते. धोतरे सगळी ओली होती. पेटीत कोरडे असे एकच वस्त्र होते: तळाचा मुकटा. उघडून पाहिला. एवढा स्वच्छ तो वडिलांच्या वेळीही नसे. तोच नेसलो.

मध्याह्न टळल्यावर दर्भ घेऊन, नावेच्या कडेला दक्षिणेकडे तोंड करून बसलो. तांब्या अलगद सोडवून घेतला. वडिलांना तीन अंजली, आजोबांना तीन, पणजोबांना तीन. प्रत्येक अंजली मी निरखून पाहिली. तीळ तळहातावर स्वच्छ दिसत होते. नऊ अंजली झाल्या. तर्पण पूर्ण झाले. तांब्यात अद्याप थोडे पाणी होते. पिंड नाही, भोजन नाही, घर नाही. निदान हे उरलेले तरी वडिलांनाच जावे, त्यांना काही अधिक मिळावे, या हावेने मी त्यांचे गोत्र पुन्हा उच्चारले आणि तांब्या ओंजळीवर पालथा केला.

तळाचा गाळ ओंजळीत आला. तपकिरी, दाट. मला तो थांबवता आला नाही. उच्चार झाला होता, हात कलले होते. बोटांच्या टोकांवरून ते पाणी वडिलांच्या नावाने नदीत पडले.

मागून नावाडिणीचा आवाज आला. तिने पाहिले होते.

"तळाचं काहून वतलं, महाराज? तळाचं ठिवायचं असतं. एवढ्याश्या पोरीलाबी ठावं असतं ते."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मला टोमणा परवडला असता.

पाचव्या दिवशी पाणी उतरले आणि मी कंबरभर चिखल तुडवीत घरी गेलो. आई ओट्यावर बसली होती. उशिराबद्दल तिने एक शब्द विचारला नाही. "न्हाऊन दिलेस ना पाणी?" एवढेच म्हणाली.

"न्हाऊन दिले," मी सांगितले.

ते खरे होते. बाकीचे मी तिला कधी सांगितले नाही. पूल त्या जागी झाला नाही. पुढे कित्येक वर्षांनी तेथे धरणाचे पाणी पसरले. नावाडिणीला मी त्या वाक्याबद्दल 'चुकलो' असे म्हणालो नाही. काम संपले त्या दिवशी तिच्या फळीवर चार नवे रिठे आणि एक नारळ ठेवला. ती म्हणाली, "रिठे कशाला? तुमीच वापरा," आणि नारळ तेवढा घेतला.

तर्पण करताना तळाचे चार थेंब मी आजही तांब्यात ठेवतो. आता घरच्या विहिरीचे पाणी असते, त्यात गाळ नसतो. मागे एकदा माझ्या मुलाने विचारले, "बाबा, हे उरलेले कोणासाठी? कोणत्या ग्रंथात आहे हे?" मी म्हणालो, ग्रंथात नाही. कोणासाठी, हे मला अजून नीट सांगता येत नाही.